बेटाच्या टाकळीचं पाणी

पूर्णा नदी आमच्या गावाशी येते आणि दोन वाटांनी फुटते. एक धार इकडून जाते, एक तिकडून, आणि खाली जाऊन पुन्हा एकत्र होतात, भांडून वेगळ्या झालेल्या जावा सणाला एका चुलीवर याव्यात तशा. मधे जे उरतं ते आमचं गाव, बेटाची टाकळी. पावसाळ्यात डोंग्याशिवाय येता येत नाही. उन्हाळ्यात रेती तुडवत बैलगाडीसुद्धा येते. एका अंगाला अकोला, दुसऱ्या अंगाला अमरावती, आणि रस्ता मागायला गेलं की दोन्हीकडचे साहेब म्हणायचे, टाकळी आमच्यात नाही.

नदीच्या मधोमध बसलेलं गाव, पण प्यायला पाणी नाही. सगळा खारपाणपट्टा. विहीर खणा, पाणी लागतं, पण तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. गोडं पाणी एकाच ठिकाणी, महादेवाच्या देवळामागच्या बारवीत. बारव म्हणजे पायऱ्यांची खोल दगडी विहीर. ती गावाची होती, आमची नव्हती. आम्ही महारवाड्यातल्या बाया नदीच्या रेतीत झिरा उकरायचो आणि वाटीवाटीनं घागर भरायचो. बारवीचं पाणी प्यायचं तर कुणीतरी वरून ओंजळीत ओतलं तरच.

आमच्या काळी नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. पण ज्या माणसाचं सांगायचं त्याला सारखं 'हे' म्हटलं तर वाचणाऱ्याला कळायचं नाही कोण. म्हणून लिहिते. देवमन. लिहिताना काही जीभ हलत नाही.

देवमन चौथी शिकलेला, उंच, आणि इतका लाजरा की बाजारात भाव करायला मला पुढं करायचा. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली, तेव्हा वस्तीतून तो गेला. परत आला तो दुसराच माणूस. लाजरा देवमन वस्तीच्या मधोमध उभा राहून बोलला. घरातले देव, माझ्या सासूच्या लग्नातले, फडक्यात बांधले आणि पूर्णेत सोडले. त्याचं पाहून घराघरानं सोडले. माझी सासू केशरबाई काठावर बसून होती. ती म्हणाली, "त्याईनं तुह्यं काय घोडं मारलं होतं रे, देवमन?" तो म्हणाला, "माय, त्याईनं आपल्याले आत कधी घेतलं नाही. आपून त्याईले घरात काहून ठेवाचं?" सासू उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "मले बी कोनी आत घेत नाही. मलेही सोड मंग पान्यात."

पण तिनंही दीक्षा घेतली. आणि त्या दिवसापासून आमच्या टिनाच्या विहारात त्रिशरण म्हणायचा मान देवमनचा झाला. तो पुढं उभा राहून म्हणायचा, आम्ही मागून. तेव्हा त्याचा आवाज असा मोकळा लागायचा की बाजारात माझ्यामागं लपणारा माणूस तो हाच का, असं वाटावं. जगात त्याचं स्वतःचं असं काही होतं तर ते एवढंच. शेत नाही, घर गवताचं. पण पुढं उभं राहणं त्याचं होतं.

मग नवं राज्य झालं, आणि सरकारनं महादेवाचं देऊळ आपल्याकडं घेतलं. पाटी लागली. चौकीदार पाहिजे होता, थोडं लिहिता-वाचता येणारा, गावातलाच. गावातले चांगल्या घरचे लोक म्हणाले, झाडू मारायचं काम आपल्याला कसं जमणार. देवमनला जमलं. खाकी कोट मिळाला, पितळेच्या बटणांचा.

वस्तीत दोन मतं झाली. पंजाबराव म्हणून एक तरुण होता, डोक्यानं तापट, मनानं चोख. तो म्हणाला, "देव सोडले अन् देवयात नोकरी?" देवमन म्हणाला, "मी देवाचा चाकर नाही, सरकारचा हाय. मी दगड सांभाळतो." सासू चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "माह्ये देव एवढे एवढेसे होते, ते बुडवले. आता हा मोठा देव, बुडवता येत नाही, तं त्याले झाडून राहिला."

पहिल्या दिवशी तो बारवीत उतरला. गाळ काढायचा होता, साहेबाचा हुकूम होता. संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "गोड हाय." एवढंच. रोज येताना एक तांब्या भरून आणायचा. शालू, माझी पोरगी, त्या पाण्यासाठी दारात बसायची. कोटाला कुणी अडवलं नाही. कोटाशिवाय गेला असता तर काय झालं असतं, ते आम्ही करून पाहिलं नाही.

बाहेरगावचे लोक टाकळी पाहायला येत. शाळेच्या सहली, कौंडण्यपूरची जत्रा करून वाट वाकडी करणारे, कधी अमरावतीचे प्रोफेसर. त्यांना फिरवणं देवमनच्याच कामात आलं. साहेबानं एकदा सगळं समजावून सांगितलं होतं, ते त्यानं पाठ केलं आणि माझ्यावर सराव केला. मी भाकरी थापतेय आणि हा भिंतीकडं हात करून सांगतोय, "सदर मंदिर हे कोरड्या बांधणीचे असून दगडावर दगड ठेवलेला आहे. यात चुना नाही, माती नाही."

"मंग पडत काहून नाही?" मी विचारायचे.

"ते साहेबानं सांगतलं नाही."

आधी घाटावर न्यायचा. मग गढी, तिचा एकच बुरूज उभा होता आणि त्यात कबुतरं. मग पीरबाबाचा दर्गा, तिथं हिंदू-मुसलमान सगळेच दर गुरुवारी साखर वाटत आणि आम्हालाही कधी कुणी उठवलं नाही. मग देवळासमोरच्या बाजारातला दगडी हत्ती. त्याची सोंड कुणीतरी कधीतरी तोडलेली. साहेबानं सांगितलं होतं की कुणी तोडली ते ठाऊक नाही. देवमनला ते बरं वाटेना. लोक इतक्या दुरून येतात, त्यांना ठाऊक नाही कसं सांगायचं? म्हणून तो सांगायचा की पुरात तुटली. बाराव्या शतकाला 'बारा शतकं' म्हणायचा आणि खांबावरच्या अप्सरांपाशी आला की मान खाली घालून पुढं जायचा. त्या बायांच्या अंगावर कपडे बेताचे होते. एका प्रोफेसरांनी विचारलं, या कोण? तर म्हणाला, "इथल्याच हायेत."

देवळात तो सभामंडपापर्यंत जायचा. आत गाभाऱ्यात भगवंत गुरव, पूजा त्याची. भगवंत म्हणजे बोलका माणूस. तीर्थ देता देता पाव्हण्याच्या गावचा भाव, पाऊस, लग्नं, सगळं विचारून घ्यायचा. दोघांचं बरं होतं. उंबऱ्याच्या आत भगवंत, बाहेर देवमन, आणि मधे गप्पा.

झालं ते तुळशीच्या लग्नानंतर. भगवंत साळीच्या लग्नाला कारंज्याला गेला होता. देवमननं त्या दिवशी कोट धुतला आणि दगडी हत्तीच्या पाठीवर वाळत घातला. उघड्या अंगानं, ओलं धोतर नेसून, बारवीचं पाणी बादलीत आणून सभामंडप धूत होता. हातात तांब्याचा तांब्या, आमच्या घरचाच.

तेवढ्यात अमरावतीची मंडळी आली. मोरोपंत वकील, त्यांची बायको सरोजिनीबाई, आणि आई इंदूबाई. ही मंडळी मूळची टाकळीचीच. गढीशेजारचं घर त्यांचं. मोरोपंतांची वकिली चालली तशी अमरावतीला गेली. माझी सासू त्यांच्या अंगणात लाकडं फोडायची, गोठा काढायची, आणि देवमन लहानपणी तिच्यासोबत जायचा. इंदूबाई वाईट नव्हत्या. पोराला पाहिलं की स्वतः तांब्या घेऊन येत. पोरगा ओट्याखाली उकिडवा बसायचा, ओंजळ करायचा, आणि त्या वरून धार सोडायच्या. धार वरून, हात खाली. देवमन सांगायचा की अर्धं पाणी कोपरावरून जायचं, आणि गोडं पाणी वाया जातंय म्हणून तो कोपर चाटायचा.

आता इंदूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर कापायचं म्हणत होते आणि त्या घाबरल्या होत्या. कापण्याआधी गावचा महादेव भेटू द्या म्हणून हट्ट धरला. मुलगा-सून बाहेर खांब पाहत थांबले, आणि म्हातारी भिंतीला धरत धरत आत आली. इथल्या भिंती तिला डोळ्यांशिवायही ठाऊक होत्या. समोर धोतरातला उंच माणूस, हातात तांब्या.

"गुरवबुवा, तीर्थ द्या," असं म्हणून तिनं तळहात पुढं केला.

देवमननं तिला आवाजावरून ओळखलं. तो मला पुढं म्हणाला, "मी बोलनारच होतो. पन तिचा हात समोर होता, अवं. एवढा जवय. मी तोंड उघडलं असतं तं तो हात मांगं गेला असता."

त्यानं तोंड उघडलं नाही. बादलीतून तांब्या भरला आणि तिच्या तळहातावर पाणी घातलं. तिनं ते प्यायलं, ओला हात डोळ्यांना लावला, केसांवरून फिरवला, आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. "डोळे परत येऊ देत, बाबा," म्हणाली, आणि आली तशी भिंत धरून गेली.

संध्याकाळी तो घरी आला तो ओल्या कोटातच. तांब्या रिकामा. शालूनं तांब्यात हात घालून पाहिलं आणि रडायला लागली. मी ताट वाढलं, तो ताटाकडं बघत बसला.

"काय झालं? साहेब बोलला काय?"

त्यानं सगळं सांगितलं. मला आधी हसूच आलं. मी म्हटलं, "तिनं तुमचे पाय धरले? इंदूबाईनं? फरशी धुवाचं पानी पेली?" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटले. तो हसला नाही.

"हसू नको. तिनं वाकून हात लावला, तं मले गोड लागलं."

"लागनारच. तुमाले आयुष्यभर त्याईनं..."

"तसं नाही." त्यानं ताट सरकवलं. "मी मांगं सरलो नाही. उलट पाय अंमळ पुढंच केला. अन् हे सारं मले नाही, भगवंतले होतं. मी भगवंतचं चोरून खाल्लं. मी देव सोडा म्हनून लोकाईच्या दारोदार गेलो, बुढीचे देव बुडवले, अन् स्वतः तिथं देवाचा मानूस होऊन उभा राह्यलो. तेही उघड नाही. गुपचूप."

एवढं लाजलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. बाजारातली लाज वेगळी. ही आतून आलेली.

पुढच्या पौर्णिमेला विहारात सगळे जमले आणि देवमन म्हणाला, घसा बसलाय. त्याच्या पुढच्या पौर्णिमेलाही घसा. मग पाय मुरगळला. त्रिशरण म्हणायला पायाचं काय काम, असं कुणीतरी म्हणालंच. पंजाबरावनं उघड विचारलं, "देवमनभाऊ, घसा तिकडं देवयात पाव्हन्याईसमोर तं बसत नाही. महादेवाचा नंदी झाला काय तुमी?" देवमननं उत्तर दिलं नाही, आणि लोकांना वाटलं की हेच उत्तर.

वैशाखात बुद्ध पौर्णिमा होती. त्या वर्षी पहिल्यांदा मूर्ती येणार होती नागपूरहून. आजवर आमच्याकडं नुसती तसबीर. वस्तीतले जाणते खुशालराव स्वतः घरी आले. त्यांचं वय झालेलं, काठी टेकत आले, बाजेवर बसले.

"देवमन, मूर्ती येऊन राहिली. त्रिशरण तूच म्हनशीन. घसा-बिसा मले सांगू नको."

"पंजाबले सांगा, दादा."

"पंजाब म्हनते जसं भांडून राहिला. तुह्या तोंडून ऐकाची सवय हाय लोकाईले. काहून नाही म्हनतं?"

देवमन खाली बघत राहिला. सासू म्हणाली, "त्याले काही झालं हाय. मले सांगत नाही, बायकोले सांगते. मी काय, फक्त जन्म देल्ला." मी भांडी घासायला बाहेर गेले. ठाऊक असून गप्प राहायचं तर हाताला काम लागतं.

पौर्णिमेला आठवडा राहिला असेल. मी दुपारी त्याची भाकरी घेऊन देवळाशी गेले, तर रेतीतून बैलगाडी आलेली. मोरोपंत वकील, आणि इंदूबाई. डोळे कापून झाले होते. जाड भिंगांचा चष्मा, आणि त्यातून त्या सगळ्या जगाकडं नव्यानं आलेल्या सुनेसारख्या बघत होत्या. बुरूज पाहिला, दर्गा पाहिला, हत्तीच्या अंगावरून हात फिरवला. म्हणत होत्या, "केवढासा आहे रे हा! मला वाटायचं केवढा तरी मोठा." देवमन कोट घालून मागंमागं. त्यानं हत्तीच्या सोंडेचं काही सांगितलं नाही. तिला सगळं ठाऊकच होतं.

देवळात आल्यावर त्या भगवंतला म्हणाल्या, "गुरवबुवा, तुमच्या हातचं तीर्थ मला लागू पडलं. डॉक्टर काही म्हणोत. डोळ्यांना लावलं तेव्हाच मला गार वाटलं होतं. तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला नाहीत, मी मनात म्हटलं, मौन असेल."

भगवंत म्हणाला, "मी? अन् मौन? बाई, मी झोपेत बी बोलतो, माह्या बायकोले इचारा. कधी आलते तुमी?"

"तुळशीच्या लग्नानंतर."

"तवा तं मी कारंज्याले होतो, साळीच्या लग्नात." भगवंतनं मंडपात इकडं तिकडं पाहिलं आणि त्याची नजर देवमनवर थांबली. बोलता बोलता भगवंत गप्प झाल्याचं मी तेवढंच एकदा पाहिलं.

मी खांबाआड भाकरी घेऊन उभी होते. माझं मन म्हणत होतं की काहीही सांग, भगवंतचा मामा आला होता म्हण, दुसरा गुरव होता म्हण. आणि देवमननं कोटाची बटणं सोडली. कोट काढला, घडी करून जमिनीवर ठेवला, आणि त्या दिवशीसारखा उघड्या अंगानं तिच्यासमोर उभा राहिला.

"बाई, मी होतो."

त्या चष्म्यातून बघत राहिल्या.

"मी देवमन. केशरीचा पोरगा. तुमच्या ओट्याखाली पानी प्याले बसत होतो. मी गुरव नाही, बाई. अन् ते तीर्थ नव्हतं. ते पानी होतं, फरशी धुवाचं. तवाच सांगाले पाह्यजे होतं. सांगतलं नाही."

इंदूबाईंचा उजवा हात पदराकडं गेला. आणि त्यांनी तळहात पुसला. सहा महिन्यांपूर्वी वाळलेला हात. मुद्दाम नाही, मी शपथेवर सांगते. हात आपला आपणच गेला, उकळत्या भांड्यावरून हात मागं यावा तसा. दोनदा पुसला, आणि मग त्यांना दिसलं की आपण काय करतोय. डोळे नवे होते, नीट दिसलं.

"आई," मोरोपंत एवढंच म्हणाले.

हे तेच मोरोपंत, कोर्टात कायद्यावर दोन दोन तास बोलायचे. आता हत्तीपलीकडं कुठंतरी बघत होते. म्हातारीनं पदर सोडला. तो हात कुठं ठेवावा हे तिला कळेना, शेवटी तिनं तो दुसऱ्या हातात धरून ठेवला. तिची मान खाली, देवमनची मान खाली, वकिलाची बाजूला. चारी बाजूंनी लाज, आणि मधे महादेव. त्याला काय, तो दगडच.

गाडी निघाली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "केशर बरी आहे ना?" देवमन म्हणाला, "बरी हाय."

त्याच संध्याकाळी देवमन आपणहून विहारात गेला. मूर्तीसाठी ओटा सारवायला सगळे जमले होते. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. लाजऱ्या माणसाचं बोलणं, तुटक तुटक.

पंजाबराव उठून उभा राहिला. "आमी इथं तुमाले समोर उभं करतो, अन् तुमी तिथं तीर्थ वाटता?"

खुशालराव काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "थांब पंजाब. देवमन, तिनं पाय शिवले?"

"शिवले."

"तू मांगं सरला?"

"नाही, दादा."

"गोड लागलं?"

"लागलं."

तेवढ्यात मागून, बायकांतून, माझ्या सासूचा आवाज आला. "पाहा व माय! माह्ये देव नदीत बुडवले यानं, अन् सोताच देव होऊन आला."

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग पंजाबरावसुद्धा. सगळं विहार हसलं. देवमन मधे उभा, कानापर्यंत लाल, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी. शिव्या त्यानं सोसल्या असत्या. हे हसणं त्याला सोसेना, आणि सोसावं तर लागत होतंच. सासू उठून त्याच्याजवळ गेली, त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि म्हणाली, "खाली बस आता, देवा."

खुशालराव म्हणाले, "यंदा पंजाब म्हनन." देवमननं मान डोलावली. त्याला तेच पाहिजे होतं असं वाटलं मला, आणि तेच जड जात होतं.

बुद्ध पौर्णिमेला मूर्ती आली. पंजाबरावनं त्रिशरण म्हटलं, खरोखर भांडल्यासारखं. देवमन सगळ्यांच्या मागं, वहाणांपाशी बसला आणि एकेक ओळ आमच्यासोबत मागून म्हणाला. मी कान देऊन ऐकलं. घसा बसलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुंभाराकडून मटका आणला. देवळाच्या फाटकाशी, पाटीखाली, तीन दगडांवर ठेवला. पहाटे बारवीतून भरायचा, वर ओलं फडकं. साहेबाला सांगितलं की पाव्हण्यांची सोय. साहेब खूश. आणि आता पाव्हणे आले की घाट नाही, गढी नाही, आधी मटका. कोट नीट करून म्हणायचा, "मी देवमन. इथला चौकीदार. आमी पहिले महार, आता बौद्ध. हे बारवीचं पानी हाय, गोड हाय. तीर्थ नाही. प्याचं असन तं प्या." आणि मग, "सदर मंदिर हे कोरड्या बांधणीचे असून."

मी म्हटलं, "पानी पाजाले जात कायले सांगाची? नुसतं पानी पाजा."

"नुसतं एकदा पाजलं ना," तो म्हणाला.

काही जण प्यायचे. शाळेची पोरं तर मटका रिकामा करायची, त्यांना नाव-गाव ऐकायला वेळ कुठं. काही मोठी माणसं मटक्याकडं बघायची आणि म्हणायची, तहान नाही. वैशाखाचं ऊन, रेतीतून चालून आलेले, ओठ फुटलेले, आणि तहान नाही. तहान न लागणारी इतकी माणसं मी दुसरीकडं कुठं पाहिली नाहीत. देवमन त्यांना काही म्हणायचा नाही. पण मान त्यांची खाली जायची, त्याची नाही. हा फरक मी पाहिला.

पुढच्या वर्षी वस्तीनं त्याला पुन्हा पुढं उभं केलं. पंजाबराव स्वतः न्यायला आला. म्हणाला, "चला भाऊ, माह्या आवाजानं लहान पोट्टे रडतात."

इंदूबाई त्यानंतर एकदाच आल्या, शिवरात्रीच्या जत्रेत. मी नव्हते, देवमननं घरी येऊन सांगितलं. मोरोपंत मटक्यापाशी आले आणि दोन ग्लास प्यायले, जरा मोठ्यानंच. म्हातारी गाडीतून उतरली, मुलाचा हात सोडून एकटी मटक्यापर्यंत आली. देवमननं ग्लास भरला आणि धरून उभा राहिला. ती ग्लासाकडं बघत राहिली, खूप वेळ. मग म्हणाली, "तहान नाही रे, देवमन." आणि तिथून हलेना. मागं जत्रेचे लोक खोळंबले, तरी हलेना. शेवटी मोरोपंतांनी नेलं.

सासूनं विचारलं, "मंग? पेली नाही ना शेवटी?"

"नाही," देवमन म्हणाला. कोट खुंटीला अडकवला, भरलेला तांब्या शालूच्या हातात दिला. "पन नाव घेऊन नाही म्हनली."

सासूनं शालूपुढं हात केला आणि म्हणाली, "मले बी दे घोटभर."

तिनं तांब्याला तोंड लावलं आणि सगळाच संपवला. शालू रडायला लागली.